बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज या गावी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासोबत त्यांच्या अडीच वर्षांच्या मुलीचा, मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. इकडे पुण्या-मुंबईत त्यावरून केवढे वादळ उठले ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. रमाबाईंच्या धर्मजीवनातला खरा पेच मात्र त्यानंतर सुरू झाला आणि तो त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. १९०७ साली इंग्रजीतून प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे लोटल्यावर एक गोष्ट आपल्या ध्यानात आली. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त अजून सापडायचाच होता.

वाँटेजच्या मठातल्या भगिनींना हे विधान पटणे अवघड होते. त्यांच्या श्रद्धेनुसार रमाबाईंचा नवा जन्म त्या सप्टेंबरच्या दिवशी, पाण्याने आणि पवित्र आत्म्याने, पूर्ण झाला होता. रमाबाईंच्या हिशेबाने तो १८९१च्या सुमारास झाला. दोन्ही बाजूंच्या हाती बायबल एकच होते, त्यातला उताराही एकच. मग एका स्त्रीचा नवा जन्म नेमका कधी झाला, यावर दोन मते कशी पडली? हा प्रश्न रमाबाईंपुरता नाही. जवळजवळ दोन हजार वर्षे ख्रिस्ती मंडळी त्याभोवती फिरत आली आहे.

आपल्याकडे पुनर्जन्म म्हटले की मृत्यूनंतरचा दुसरा देह, संचित, चौऱ्याऐंशी लक्ष योनी हे सारे मनात येते. ख्रिस्ती नव्या जन्माचा याच्याशी संबंध नाही. तो याच देहात, याच आयुष्यात होतो. जन्मणारा माणूस तोच असतो. त्याचे नाव, वय, दुखणीखुपणी, कर्जे सगळे तेच राहते. बदलते ते देवाशी असलेले नाते आणि त्या नात्यातून जगण्याला मिळणारी दिशा. आणखी एक फरक याहून मोलाचा आहे. कर्मसिद्धान्तात पुढचा जन्म हे मागच्या कृतीचे फळ असते. इथे नवा जन्म कशाचेही फळ नसतो. तो कमावता येत नाही. या एका मुद्द्यावर सगळे ख्रिस्ती पंथ एकत्र येतात, आणि तिथून पुढे त्यांच्या वाटा फुटतात.

मूळ प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम हा परुशी पंथाचा, यहुद्यांच्या अधिकारी वर्गातला विद्वान माणूस. तो रात्री येशूकडे येतो आणि आदराने बोलायला सुरुवात करतो. येशू शिष्टाचार बाजूला ठेवून थेट सांगतो, की नव्याने जन्मल्याशिवाय कोणालाही देवाचे राज्य दिसणार नाही. निकदेम विचारतो, म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा जाईल? हा प्रश्न मला कधीच भाबडा वाटला नाही. ज्याने आयुष्यभर नियमशास्त्र पाळले, उपास केले, दशांश दिला, त्याला सांगितले जाते आहे की तू सुरुवातच केलेली नाहीस. प्रयत्नांवर उभे असलेले आयुष्य जन्म या एका शब्दापुढे निरुपाय होते, कारण जन्मात जन्मणाऱ्याचे कर्तृत्व शून्य असते. येशूचे उत्तर पाणी आणि आत्मा यांविषयी आहे, आणि लगेच वाऱ्याविषयी : त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला आणि कुठे चालला ते सांगता येत नाही.

इस्राएलचा गुरू असून तुला हे कळत नाही का, असे येशू निकदेमाला विचारतो. या टोचणीला कारण आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात, येशूच्या कित्येक शतके आधी, देव आपल्या लोकांवर शुद्ध पाणी शिंपडील, त्यांचे दगडी हृदय काढून मांसमय हृदय देईल आणि त्यांच्या अंतरी आपला आत्मा घालील, असे अभिवचन येते. पाणी आणि आत्मा ही जोडी निकदेमाला परकी नव्हती. ते अभिवचन आपल्यालाही, आपल्यासारख्या धर्मनिष्ठालाही लागू आहे, हे त्याला नवे होते.

वाद इथेच रुजलेला आहे. पाणी आणि आत्मा एका दमात उच्चारले गेले, पण दोघांचा मेळ कसा, ते त्या रात्रीच्या संभाषणात उलगडलेले नाही. पाणी घातले की आत्मा येतो? आत्मा आधी येतो आणि पाणी ही त्याची खूण? की दोन्ही वेगवेगळ्या वेळी घडू शकतात?

पहिल्या काही शतकांतल्या मंडळीला असा प्रश्न पडलाच नव्हता. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिणारा जस्टिन बाप्तिस्म्याचे वर्णनच नवा जन्म म्हणून करतो. त्या काळचा विधी पाहिला की कारण कळते. उमेदवार महिनोन्‌महिने शिक्षण घेत. पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री ते पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा त्याग करीत, मग पूर्वेकडे वळून ख्रिस्ताशी बांधून घेत. वस्त्रे उतरवून तीनदा पाण्यात बुडवले जाई, वर आल्यावर पांढरे वस्त्र मिळे. काही ठिकाणी त्यांना दूध आणि मध चाटवीत, कारण ते नवजात होते. सीरियात युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या शहरात तिसऱ्या शतकातले एक घर उत्खननात सापडले. त्यातली एक खोली बाप्तिस्म्यासाठी होती. भिंतींवर मेंढपाळ आहे, कबरेकडे निघालेल्या स्त्रिया असाव्यात असे चित्र आहे, आणि विहिरीवर पाणी काढणारी एक स्त्री आहे. ती योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती मरिया. त्या लहानशा खोलीत कबर आणि विहीर शेजारी शेजारी रंगवली होती. मरण आणि जन्म एकाच पाण्यात होते.

लोक हे इतके अक्षरशः घेत, की पुष्कळजण बाप्तिस्मा लांबणीवर टाकीत. सारी पापे एकदाच धुतली जाणार, तर घाई कशाला? सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ साली, मृत्यूच्या दारात घेतला. ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याची तयारी झाली होती. तो बरा झाला आणि बेत पुढे ढकलला गेला. ३८६ साली मिलानच्या एका बागेत त्याचे आयुष्य पालटले. पुढच्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. मिलानच्या प्रचंड कॅथीड्रलखाली त्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचा पाया आजही पाहता येतो. आठ कोन अशासाठी, की आठवडा संपून उगवणारा आठवा दिवस हा नव्या सृष्टीचा दिवस मानला जाई. ऑगस्टीनच्या बाबतीत आधी अंतरातली उलथापालथ आणि मग पाणी, असा क्रम होता. रमाबाईंचा क्रम नेमका उलटा.

पण याच ऑगस्टीनने पुढे पेलेजियसच्या अनुयायांशी वाद घालताना अर्भकांच्या बाप्तिस्म्याला भक्कम आधार दिला. माणूस आदामाच्या पापाचा वारसा घेऊनच जन्मतो, म्हणून तान्ह्या बाळालाही नव्या जन्माची गरज आहे आणि बाप्तिस्म्यात तो त्याला मिळतो. एकदा हे मान्य झाले आणि सारा युरोप पाळण्यातच ख्रिस्ती होऊ लागला, तेव्हा नवा जन्म ही कोणालाही न आठवणारी गोष्ट बनली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्युथरन मंडळ्यांची भूमिका आजही मूलतः हीच आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. आपला पहिला जन्म तरी कोणाला आठवतो? न आठवण्याने तो खोटा ठरत नाही. ज्या जन्मात आपले कर्तृत्व नाही म्हणून आपण त्याला कृपा म्हणतो, त्याचे सर्वांत शुद्ध चित्र स्वतःसाठी काहीच करू न शकणारे तान्हे बाळ हेच आहे.

प्रॉटेस्टंट सुधारणेच्या काळात हा सांधा निखळू लागला. जानेवारी १५२५मध्ये झुरिकमध्ये काही तरुणांनी, लहानपणी झालेला बाप्तिस्मा न मानता, समजून-उमजून एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्याच्या प्रश्नावर पाण्यानेच मृत्युदंड देणारी ती क्रूरता विसरण्यासारखी नाही. पुढे नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेत, १६१८-१९मध्ये, कॅल्व्हिनपंथीयांनी ठरवले की देव आधी हृदयाला नवा जन्म देतो आणि मग माणूस विश्वास ठेवू शकतो. आर्मिनियसच्या अनुयायांना हे मान्य नव्हते. त्या तपशिलात इथे शिरत नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की वादाचा केंद्रबिंदू आता पाण्यावरून माणसाच्या अंतःकरणाकडे सरकला होता.

तिथून पाऊल पुढे पडले ते जर्मनीतल्या भक्तिवादी चळवळीत. औगुस्ट हेर्मान फ्रांके १६८७ साली प्रवचनाची तयारी करताना देवाच्या अस्तित्वाच्याच शंकेने कोसळला आणि प्रार्थनेत सावरला. त्याने पुढे हाले येथे उभारलेल्या संस्थांशी जोडलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ १७०६मध्ये तरंगंबाडीला उतरले. भारतातले प्रॉटेस्टंट मिशन या अनुभवाच्या धाग्यातून सुरू झाले. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली हा दीक्षित पाळक, मिशनरी म्हणून अमेरिकेला जाऊन आलेला. २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत रोमकरांस पत्राला ल्युथरने लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचत असताना आपले हृदय उबदार झाल्याचे त्याने नोंदवले. तेव्हापासून इंग्रजी भाषिक जगात लोक आपल्या नव्या जन्माचा दिवस, कधीकधी घटकाही सांगू लागले.

आता कॉर्नवॉलकडे वळू, कारण रमाबाईंची वाट तिथून जाते. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात, बाळाला बाप्तिस्मा दिल्यावर त्याचा नवा जन्म झाला आहे असे पाळक जाहीर करतो. १८४७ साली जॉर्ज गॉरहॅम या पाळकाची एक्झिटर धर्मप्रांतात नेमणूक व्हायची होती. बिशप हेन्री फिलपॉट्स यांना संशय आला, की या गृहस्थाचा त्या वाक्यावर पुरता विश्वास नाही. त्यांनी लेखी १४९ प्रश्न घालून गॉरहॅमची कित्येक दिवस परीक्षा घेतली आणि त्याला नापास केले. बाप्तिस्म्यातली कृपा बाळाला आपोआप, विनाअट मिळतेच असे नाही, हे गॉरहॅमचे मत. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८५०मध्ये निकाल गॉरहॅमच्या बाजूने लागला. धर्मतत्त्वाचा निवाडा सरकारी न्यायासनाने करावा याने व्यथित होऊन हेन्री मॅनिंगसारखा मोठा माणूस पुढच्या वर्षी रोमन चर्चमध्ये गेला.

त्याच १८५१ साली, फिलपॉट्स यांच्याच धर्मप्रांतात मोडणाऱ्या कॉर्नवॉलमधल्या बाल्डू या खेड्यात आणखी एक घटना घडली. तिथला पाळक विल्यम हॅसलम हा बिशपांच्याच मताचा, विधी आणि परंपरा मानणारा. त्याचा माळी क्षयाने आजारी पडला आणि मरण्यापूर्वी त्याला तारणाची खात्री लाभली. मालक मात्र अस्वस्थ झाला. पेंडीनच्या एका ज्येष्ठ पाळकाने त्याला तोंडावर सांगितले, की तुझे स्वतःचे परिवर्तन झालेले नाही. पुढच्या रविवारी हॅसलम उपदेशाला उभा राहिला आणि बोलता बोलता, व्यासपीठावरच, आपण ज्याविषयी सांगतो आहोत ते आपल्यालाच लागू आहे हे त्याला उमगले. जमावात बसलेल्या एका स्थानिक उपदेशकाने पाळकाचे परिवर्तन झाले म्हणून आरोळी ठोकली आणि देवळात जल्लोष उसळला. हॅसलमने ही कहाणी मरणातून जीवनात येण्याविषयीच्या एका पुस्तकात सांगितली. ते पुस्तक रमाबाईंच्या हाती पडले.

दीक्षित पाळकालाही नवा जन्म हवा, हे वाचून रमाबाईंचे मन स्वतःकडे वळले. वाँटेजच्या भगिनी फिलपॉट्स यांच्याच विचारधारेतल्या होत्या. त्यांनी रमाबाईंना आसरा दिला, लंडनमधल्या फुलहॅम येथे पतित म्हणून टाकल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम दाखवले. त्यामागची प्रेरणा विचारली तेव्हा एका भगिनीने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, शोमरोनी स्त्रीचा. रमाबाईंनी बाप्तिस्म्याकडे वळण्याचे ते मोठे कारण ठरले. तिसऱ्या अध्यायातला निकदेम त्यांना नंतर भेटायचा होता. वाँटेजच्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीनला रमाबाई प्रेमाने आजीबाई म्हणत, पण पत्रांतून त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर वाद घालत. ती पत्रे ए. बी. शहा यांनी संपादित केली असून १९७७ साली प्रसिद्ध झाली. मराठी माणसाने ती जरूर वाचावीत. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही स्वाधीन करायला तयार नसलेली एक विद्वान स्त्री त्यांत दिसते. सगळे समजलेली, आणि म्हणूनच निकदेमाच्या इतकी जवळची.

रमाबाईंना नव्या जन्माची कल्पना एवढी का भिडली असावी? माझ्या समजुतीप्रमाणे याचे एक मूळ त्यांच्या पहिल्या घरात आहे. चित्पावन ब्राह्मण घरातल्या मुलाला मुंजीत दुसरा जन्म मिळतो, तो द्विज होतो, वेदाचा अधिकारी होतो. मुलीला ही वाट नव्हती. मनुस्मृती विवाहालाच स्त्रीचा वैदिक संस्कार ठरवते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, पुराणे मुखोद्गत करवली, पण वेद दिले नाहीत. ते कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी हाती ठेवले. तिथेच, स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रे वाचताना, स्त्रीच्या पात्रतेविषयी त्यांत काय लिहिले आहे ते रमाबाईंनी पाहिले. जिला दुसरा जन्म जन्मानेच नाकारला होता, तिला इथे असा जन्म समोर आला, ज्याला पात्रतेची अट नव्हती. बाप्तिस्मा घेतलेल्यांत यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरत नाही, असे पौल गलतीकरांना लिहितो.

प्रत्यक्षात भेद उरले, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात बाप्तिस्मा घेऊन शतके लोटली तरी ख्रिस्ती घरांतून बामण, चार्डो, सुदिर हे भाग सोयरीक जुळवताना आठवले जातच राहिले. नवा जन्म खरा असेल तर तो कुठे दिसायला हवा, हा प्रश्न म्हणून टाळता येत नाही. अमेरिकेतल्या नॉर्दम्प्टनचा पाळक जोनाथन एडवर्ड्स याने १७३०-४०च्या दशकांतले धर्मजागरण जवळून पाहिले होते. रडणे, कापणे, मूर्च्छा येणे यांवरून काहीच सिद्ध होत नाही, ना खरेपणा ना खोटेपणा, असे त्याने १७४६च्या ग्रंथात बारकाईने दाखवले. त्याच्या लेखी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे टिकून राहिलेले आचरण. माझ्या वाचनात या विषयावर याहून प्रामाणिक विवेचन आलेले नाही.

रमाबाईंच्या मुक्तिसदनाला, केडगावच्या त्यांच्या स्त्रियांच्या आश्रमाला, ही कसोटी लावून पाहावी. जून १९०५च्या अखेरीस केडगावला मुलींच्या प्रार्थनेत जागरण सुरू झाले. पापाच्या जाणिवेने मुली हुंदके देत, अंगात अग्नी पेटल्यासारखा वाटतो म्हणत, तासन्‌तास प्रार्थना करीत. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वाल्पाराइसोला मैत्रिणीकडे पोचली आणि १९०९च्या तिथल्या पेंटेकॉस्टल जागृतीला ती कारण झाली. दौंडजवळच्या माळरानावरून दक्षिण अमेरिकेपर्यंत गेलेली ही वाट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारशी आढळत नाही. पण एडवर्ड्सने विचारले असते ते वेगळे : त्या मुली दुसऱ्या दिवशी काय करत होत्या? त्या दुष्काळातून आलेल्या विधवांना आणि अंध स्त्रियांना सांभाळत होत्या, शेतीवर आणि छापखान्यात काम करत होत्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या मृत्यूच्या अगदी थोडे आधी संपवले.

अनुभवाला एवढे महत्त्व दिले की दुसरी अडचण उभी राहते. ज्यांना सांगण्यासारखा दिवसच नाही त्यांचे काय? अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये दुसरी-तिसरी पिढी वाढली, तिने घरातच प्रार्थना ऐकली, झोळीतच भजने ऐकली. त्या मिशनचे मूळ ज्या काँग्रिगेशनल परंपरेत आहे, तिथल्याच होरेस बुशनेलने १८४७मध्ये मांडले, की ख्रिस्ती घरातले मूल आपण कधी परके होतो हे न जाणताच वाढावे. त्याच्यावर टीका झाली. मला तो बरोबर वाटतो. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचताना हेच जाणवते. नवऱ्याने, रेव्हरंड टिळकांनी, १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या तुटून पडल्या होत्या. पुढे सोवळेओवळे हळूहळू गळत गेले. देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसाने केल्या, हा विचार एके दिवशी पक्का झाला आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. पाणी त्यानंतर आले, १९००मध्ये. त्यात दिव्य प्रकाश नाही, घटका-पळे नाहीत. दगडी हृदय मांसमय होते म्हणजे काय, ते मात्र आहे.

रेव्हरंड टिळकांनी तर अखेरीस पाण्याची अटच सैल केली. १९१७मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा तो एकच बंधुसमाज व्हावा, अशी त्यांची कल्पना होती. त्याआधी मिशनची नोकरी त्यांनी सोडली. मंडळीतल्या अनेकांना ते रुचले नाही. बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ती कसे, हा सवाल त्यांना विचारला गेला. पण टिळक एकटे नव्हते. मुक्तिफौज १८८२मध्ये मुंबईत आली आणि पुढच्याच वर्षी तिने जगभर बाप्तिस्म्याचा विधीच सोडून दिला. क्वेकर मंडळींनी तो पूर्वीपासून मानलेला नाही. उलट टोकाला असलेले कॅथलिक चर्चही, दीक्षेची तयारी करता करता मेलेल्या माणसाच्या इच्छेलाच बाप्तिस्मा मानते. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली, आणि त्यांच्या पश्चात तो फार काळ तगला नाही. पाणी आणि अनुभव या दोन्ही वाटा मात्र चालूच आहेत. आज वसईतल्या चर्चमध्ये पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री पेटती मेणबत्ती पाण्यात बुडवून ते आशीर्वादित करतात आणि जमलेले सारे आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा म्हणतात. त्याच आठवड्यात नगरमधल्या एखाद्या प्रार्थनासभेत कोणी उठून आपल्या नव्या जन्माची साक्ष देतो.